दहा घासांचं जेवण आणि आपली हुरडा पार्टी: टेस्टिंग मेनूमधून छोट्या धंद्यानं काय शिकायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत मी मुंबईच्या एका महागड्या रेस्टॉरंटमधल्या जेवणाचा विषय काढला आणि लगेच फोन सुरू झाले. "सर, आमची मेस आहे सत्तर रुपये थाळीची. आम्हाला काय करायचं त्या पाच हजारांच्या ताटाचं?" प्रश्न बरोबर आहे. व्हिडिओ चौदा मिनिटांचा होता, त्यात हिशोब दाखवायला वेळ मिळाला नाही. म्हणून आज इथे सगळं सविस्तर लिहितोय. वही-पेन घेऊन बसा. खानावळ, मेस, केटरिंग, हुरडा केंद्र चालवणाऱ्यांसाठी तर हा धडा आहेच, पण ज्याच्या धंद्यात "किती गिऱ्हाईक येईल काय माहीत" असं वाक्य रोज बोललं जातं, त्या प्रत्येकासाठी आहे.

आधी दाजींची गोष्ट

माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे मालक, परभणीहून गंगाखेडकडे जाताना रस्त्याला लागून त्यांचं शेत आहे. काही वर्षांपासून ते हिवाळ्यात हुरडा पार्टी करतात. शेतात मांडव, दोन बाजा, झाडाला झोका, बैलगाडीची चक्कर. माणशी तीनशे रुपये, खा पाहिजे तेवढं.

गर्दी बरी व्हायची. तरी दर फेब्रुवारीत दाजींचं एकच वाक्य: "लोक आले, जेवले, खूश होऊन गेले, पण पैसा कुठं गेला ते कळंना." मागच्याच्या मागच्या हंगामात तर त्यांनी ठरवलं होतं की आता बंद. मांडवाचे बांबू विकायला काढले होते.

मी ट्रेनर माणूस. दुनियेला हिशोब शिकवतो आणि घरातल्या माणसाचा धंदा बुडतोय. बहीण एकदा बोललीच, "तुझ्या व्हिडिओला लोक लाइक देतात, तुझ्या दाजींना तू काय दिलं?" लागलं मनाला.

त्याच सुमारास भाच्याचा फोन आला. त्यानं हॉटेल मॅनेजमेंट केलंय, मुंबईत नोकरीला आहे. म्हणाला, "मामा, माझ्या बोनसमधून तुम्हाला एका ठिकाणी जेवायला नेतो. टेस्टिंग मेनू असतो तिथं. तुम्ही जेवू नका, नुसतं बघा." मी देवगिरी एक्सप्रेसनं रात्रीचा निघालो.

टेस्टिंग मेनू म्हणजे नेमकं काय?

साध्या हॉटेलात आपण कार्ड बघतो, ऑर्डर देतो. टेस्टिंग मेनूत कार्डावर निवडायला काही नसतं. आज काय खायला मिळणार ते शेफनं ठरवलेलं असतं. आठ, दहा, कधी पंधरा-वीस पदार्थ. प्रत्येक पदार्थ दोन-तीन घासांचा. एकामागून एक, ठरलेल्या क्रमानं. दर एकच, सगळ्यांना सारखा. जागा आधीच राखून ठेवायची, बऱ्याच ठिकाणी पैसेही आधीच भरायचे.

ही पद्धत आली कुठून? युरोपात श्रीमंतांच्या मेजवानीत पूर्वी सगळे पदार्थ टेबलावर एकदम मांडायचे. एकोणिसाव्या शतकात एकेक पदार्थ गरम गरम आणून वाढायची रीत तिकडे रुजली, तिला रशियन पद्धत म्हणायचे. पुढे १९७० च्या आसपास फ्रान्सच्या शेफ लोकांनी ताट हलकं केलं, पदार्थ छोटे केले, आणि त्यातून हा मेनू पुढे आला. जपानात चहाच्या समारंभाशी जोडलेलं काइसेकी नावाचं क्रमवार जेवण आहे. तिथलाच ओमाकासे हा शब्द आता जगभर झालाय. त्याचा अर्थ सरळ आहे: "तुमच्यावर सोपवलं."

पण आपल्याला हे नवं आहे का? लग्नाची पंगत आठवा. पत्रावळीवर मीठ कुठं, लिंबू कुठं, चटणी-कोशिंबीर कोणत्या बाजूला, भाजी कोणत्या बाजूला, हे ठरलेलं. आधी वरण-भात, त्यावर तूप, मग पुढचं, शेवटी ताक. पंगतीत बसलेला माणूस "मला आधी मठ्ठा आणा" म्हणत नाही. मेनू एक, क्रम एक, वेळ एक. आपण हे पिढ्यान् पिढ्या करत आलोय. फक्त त्याचा धंदा करताना आपण पंगत सोडली आणि "अनलिमिटेड"च्या मागे लागलो.

आपल्याकडे कोण करतं हे?

मुंबईत महालक्ष्मीला लक्ष्मी वूलन मिलच्या आवारात मास्क नावाचं रेस्टॉरंट आहे. अदिती दुगड यांनी ते २०१६ साली सुरू केलं. तेव्हाचे शेफ प्रतीक साधू, आता वरुण तोतलानी. दहा पदार्थांचा मेनू आणि देशातल्याच जिनसांवर भर, अशी त्यांची ओळख झाली. आशियातल्या पन्नास उत्तम रेस्टॉरंटच्या २०२५ च्या यादीत ते एकोणिसावं होतं. वांद्र्याला पापाज म्हणून जागा आहे, तिथं खुर्च्या फक्त बारा. हो, बारा! आपल्याकडे चहाच्या टपरीवर सकाळी यापेक्षा जास्त माणसं उभी असतात.

आणखी एक नाव लक्षात ठेवा, गरिमा अरोरा. मुंबईत वाढलेली मुलगी, आधी पत्रकारिता केली, मग स्वयंपाक शिकायला बाहेर पडली. बँकॉकमध्ये २०१७ साली गा नावाचं रेस्टॉरंट काढलं आणि २०१८ मध्ये मिशेलिन स्टार मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरली. जाता जाता सांगतो, ही मिशेलिन म्हणजे तीच, टायरवाली कंपनी. लोकांनी गाडी जास्त चालवावी म्हणजे टायर झिजतील, म्हणून १९०० साली त्यांनी प्रवाशांसाठी पुस्तिका काढली होती. आज जगातले शेफ त्या पुस्तिकेच्या एका ताऱ्यासाठी झोप घालवतात. मार्केटिंग कशाला म्हणतात ते बघा.

त्या रात्री मी काय पाहिलं

रेस्टॉरंटचं नाव सांगत नाही, जाहिरात करायची नाही. पण जे पाहिलं ते क्रमानं सांगतो.

पहिली गोष्ट. जेवणाच्या दोन दिवस आधी मला फोन आला. "सर, तुम्हाला काय चालत नाही? कशाची ॲलर्जी? व्हेज की नॉनव्हेज? काही खास निमित्त आहे का?" मी परभणीत होतो आणि मुंबईतल्या स्वयंपाकघराला माहीत झालं होतं की शुक्रवारी साडेसातला येणारा एक माणूस वांगं खात नाही. (हो, मी मराठवाड्याचा असून वांगं खात नाही. बहिणीला हे अजून पटलेलं नाही.)

दुसरी गोष्ट. पैसे आधीच घेतले होते. म्हणजे त्या रात्री किती माणसं, किती पदार्थ, किती पैसे, हे त्यांना सकाळी बाजारात जायच्या आधी पक्कं माहीत होतं.

तिसरी. मी घाबरलो होतो. पायातली चप्पल बघून आत घेतात की नाही, काट्या-चमच्यांचं काय करायचं. भाचा म्हणाला, "मामा, बाहेरच्या बाजूचा चमचा आधी घ्यायचा, मग आतला. आणि नाही कळलं तर विचारायचं, त्यांना विचारलेलं आवडतं." खरंच तसं निघालं. वाढणारी मुलगी प्रत्येक पदार्थ ठेवताना दोन वाक्यं बोलायची. हा मासा कुठला, हे तूप कुणाकडून येतं, हे हातानं खा, हे एका घासात खा. दोनच वाक्यं. तिसरं नाही.

चौथी. सहाव्या का सातव्या पदार्थाला एक छोटी वाटी आली. आत आंबट पातळ काहीतरी, वर फुललेले पांढरे दाणे. तोंडात घातलं आणि मी भाच्याकडे बघितलं. आंबील! आपली ज्वारीची आंबील आणि वर ज्वारीच्या लाह्या. ती मुलगी म्हणाली, "सर, ही ज्वारी मराठवाड्यातून येते." मी म्हणालो, "ताई, मीपण तिथूनच येतो." तिनं आत जाऊन सांगितलं असावं, कारण शेफ स्वतः बाहेर आला आणि विचारलं की तुमच्याकडे आंबिलीत लसूण घालतात की नाही.

मंडळी, मी पन्नाशीचा माणूस. आयुष्यभर आंबील फुकट प्यायलोय. आजारी माणसाला देतात, उन्हाळ्यात देतात. पाहुणा आला तर लपवतात, पाहुण्याला पेप्सी आणतात. त्या रात्री तीच वाटी दहापैकी एक पदार्थ म्हणून हजारोंच्या जेवणात समोर आली होती.

पाचवी. अडीच तासांत एकदाही ताटात उरलेलं अन्न परत गेलेलं मी पाहिलं नाही. ना आमच्या टेबलावरून, ना शेजारच्या.

आणि बिल? अशा ठिकाणी मुंबईत माणशी पाच हजारांच्या पुढेच धरा, वर कर. भाच्याचा बोनस मी डोळ्यांनी जाताना पाहिला. परतीच्या गाडीत वही काढली.

वहीत काय लिहिलं: चार शिस्ती

झगमगाट बाजूला ठेवा. त्या धंद्याचा सांगाडा चार गोष्टींवर उभा आहे.

१. माणसं मोजलेली. आगाऊ बुकिंग, आगाऊ पैसे. अंदाजावर स्वयंपाक नाही.

२. मेनू एकच. दहा पदार्थ म्हणजे दहाच. त्यामुळे खरेदी नेमकी, नासाडी कमी, आणि रोज तेच केल्यानं हात बसलेला.

३. क्रम आणि वेळ. हलक्यापासून जडाकडे, शेवट गोडानं. भूक असते तेव्हा जे वाढाल त्याचं कौतुक जास्त होतं, म्हणून आपली सगळ्यात अभिमानाची वस्तू पोट भरायच्या आधी यायला पाहिजे.

४. दोन वाक्यांची ओळख. वस्तू कुठली, कुणी केली, कशी खायची. भाषण नाही.

आता दाजींचा हुरडा या चार ओळींवर घासून बघू.

दाजींचा जुना हिशोब

आम्ही दोघं मांडवात बसलो आणि आदल्या हंगामातला एक रविवार कागदावर उतरवला. अंदाज शंभर माणसांचा, आली चौसष्ट.

जमा: ६४ × ३०० = १९,२०० रुपये.

खर्च दाजींच्या डोक्यातला:
किराणा, भाजीपाला, पनीर, गॅस (शंभर जणांचा): १३,०००
मजूर सहा, प्रत्येकी ४००: २,४००
पत्रावळी, पाण्याचे जार, गोवऱ्या, इतर: १,८००
एकूण १७,२००. म्हणजे २,००० रुपये नफा. दाजी खूश.

मी विचारलं, "दाजी, हुरडा?"
"हुरडा आपल्या रानातला. त्याला काय पैसे?"
"त्या दिवशी किती भाजला?"
"असंल वीस किलो."
"तोच परभणीत विकला असता तर?"
"दोनशेनं गेला असता."

चार हजार. दोन हजार नफ्याचा झाला दोन हजार तोटा. जी वस्तू खायला लोक गाडी काढून येतात, तीच वस्तू हिशोबात शून्य रुपयांची होती!

बरं, मेनू काय होता? हुरडा, चार चटण्या, पिठलं, भाकरी, भरीत, पनीर, पावभाजी, पुलाव, जिलेबी, लहान मुलांसाठी नूडल्स. तेरा प्रकार. का? "शेजारच्या हुरडावाल्याकडं पनीर असतं." आणि ताटात सगळ्यात जास्त उरायचं काय? पनीर आणि पुलाव. सगळ्यात आधी संपायचं काय? पिठलं-भाकरी. म्हणजे गिऱ्हाईक ताटातून सांगत होतं, आपण ऐकत नव्हतो.

आणि मग खरा खर्च सापडला

तेवढ्यात बहीण चहा घेऊन आली. मी सहज विचारलं, "ताई, रविवारी किती वाजता उठतेस?"

"चारला. जाऊबाई पण चारला. भाकऱ्यांचं पीठ, ठेचा, चटण्या. बाया आठला येतात, तोवर निम्मं आम्हीच उरकतो."

कागदावर तिचं नाव कुठंच नव्हतं. तिच्या जावेचंही नव्हतं.

इथे मला तुम्हाला कोपनहेगनला न्यायचंय. तिथं नोमा नावाचं रेस्टॉरंट आहे, २००३ साली सुरू झालेलं. जगातलं सर्वोत्तम रेस्टॉरंट म्हणून पाच वेळा निवडलं गेलेलं. त्याचे शेफ रेने रेडझेपी यांनी जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केलं की हे आता नेहमीचं रेस्टॉरंट म्हणून चालवणार नाही, या पातळीच्या जेवणाचं गणित टिकत नाही. आता गंमत बघा. तिथं वर्षानुवर्षं शिकाऊ मुलं बिनपगारी राबत होती. त्यावर टीका झाली आणि ऑक्टोबर २०२२ पासून त्यांना पगार सुरू झाला. त्यानंतर काही महिन्यांत ही घोषणा. एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही, पण फुकटचे हात हिशोबात आले की ताटाची खरी किंमत दिसायला लागते, हे नक्की.

त्याआधी स्पेनमधलं एल बुयी. तेही पाच वेळा जगात पहिलं. फेरान आद्रिया यांनी ते २०११ साली बंद केलं. तिथं जागा मिळणं मुश्कील होतं, तरी रेस्टॉरंट पैसे कमावत नव्हतं, कमाई पुस्तकं आणि व्याख्यानांतून यायची.

म्हणून सांगतो, त्या लोकांची शिस्त घ्या, डोळे झाकून नक्कल करू नका. आणि त्यांची जी चूक झाली ती तर आपल्या घरातच आहे. आपल्याकडचे निम्मे छोटे धंदे बायकोच्या, आईच्या, बहिणीच्या न लिहिलेल्या मजुरीवर उभे असतात. आपण म्हणतो "घरचं आहे, खर्च नाही." खर्च आहे. फक्त तो दुसरं कुणीतरी भरतंय.

बहिणीचे आणि जावेचे पाचशे-पाचशे धरले. एक हजार. त्या रविवारचा खरा तोटा तीन हजार. दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "लिहा."

नवा मेनू: सात वाढप, एक दर

आम्ही तिघांनी बसून हे ठरवलं. वेळ सकाळी साडेदहा ते एक. साठ माणसं, त्यावर एकही नाही. दर ४५० रुपये, निम्मे आधी फोनवरून.

१. आल्या आल्या छोट्या ग्लासात आंबील. ताकातली, लसूण-जिऱ्याची.

२. पहिला हुरडा कोरा. मीठ नाही, चटणी नाही. एक मूठ. आगटीतून काढून, चोळून, गरम असतानाच. दोन वाक्यं: "हा हुरडा आत्ता काढलाय. आधी नुसता खाऊन बघा, दुधाची गोडी लागेल."

३. दुसरा हुरडा चटण्यांबरोबर. शेंगदाणा, जवस, कारळ. चार नाही, तीनच.

४. रानातली चक्कर. बोरं, हरभऱ्याचे ढाळे, उसाचं कांडं, हातानं तोडून. इथं पोटाला अर्धा तास विश्रांती मिळतो आणि तेवढ्यात चुलीवरच्या भाकऱ्या होतात.

५. पंगत. ज्वारीची भाकरी, पिठलं, भरीत, ठेचा, वर लोण्याचा गोळा. भाकरी आणि पिठलं पाहिजे तेवढं.

६. येसराची आमटी वाटीत, थोडा भात.

७. शेवट गूळ-तूप, आणि ताक.

पाचव्या क्रमांकाकडे लक्ष द्या. तिकडे दोन घासांची वाटी चालते, कारण तिथं माणूस नवल बघायला जातो. आपल्याकडे पाहुणा अर्धपोटी उठला तर गाव नाव ठेवतं, आणि ठेवायलाच पाहिजे. म्हणून जे स्वस्त आहे, आपलं आहे आणि लोकांना आवडतं, ते भरपूर द्या. बाकी सगळं मोजून.

हुरड्याबद्दल एक शेतीची गोष्ट. कणीस हुरड्याच्या अवस्थेत जेमतेम आठ-दहा दिवस राहतं, मग दाणा टणक होतो. आधी दाजी सगळं रान एकदम पेरायचे. मग एक रविवार उत्तम आणि पुढचे बळेबळे. आता तीन तुकडे, दहा-दहा दिवसांच्या अंतरानं पेरणी. परभणीत आपलं कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे, त्यांचा हुरड्यासाठीचा 'परभणी वसंत' वाण आहे. त्यांचाच 'परभणी शक्ती' हा लोह आणि जस्त जास्त असलेला ज्वारीचा वाण २०१८ साली आला. मुंबईचा शेफ गोष्ट शोधत गावोगाव फिरतो. आपली गोष्ट आपल्या बांधाला लागून आहे, सांगणारा पाहिजे.

नवा हिशोब

भरलेला रविवार, साठ माणसं:

जमा: ६० × ४५० = २७,०००

किराणा-भाजी: ६,६००
हुरडा १५ किलो, बाजारभावानं: ३,०००
मजूर सहा: २,४००
बहीण आणि जाऊबाई: १,०००
पत्रावळी, पाणी, गोवऱ्या, इतर: १,८००
एकूण १४,८००. शिल्लक १२,२००.

पण खोटं चित्र दाखवणार नाही. पहिल्या रविवारी बुकिंग फक्त एकतीस आलं. जुने दोन-तीन ग्रुप तुटले. "साडेचारशे? आणि पनीर पण नाही?" म्हणून एकानं फोन ठेवला. दाजी रात्री मला म्हणाले, "तुमच्या मुंबईच्या जेवणानं बुडवलं की हो."

हिशोब केला. जमा ३१ × ४५० = १३,९५०. किराणा ३,३००, हुरडा आठ किलो १,६००, मजूर चारच बोलावले १,६००, घरच्या दोघी १,०००, इतर १,२००. एकूण ८,७००. शिल्लक ५,२५०. जुन्या पद्धतीत चौसष्ट माणसं येऊन तोटा, नव्यात एकतीस येऊन पाच हजार हातात. कारण बुकिंगमुळे शनिवारी संध्याकाळीच माहीत होतं की एकतीसच येणार, म्हणून खरेदीही एकतीसचीच केली.

पुढचे रविवार वाढत गेले. सगळे भरले नाहीत. जानेवारीतले दोन पूर्ण भरले, एका रविवारी आभाळ आलं आणि लोकांनी ऐनवेळी रद्द केलं. पण आगाऊ रक्कम होती, म्हणून किराण्याचे पैसे अंगावर आले नाहीत.

त्या पहिल्या रविवारी संध्याकाळी दाजींनी मजुरांचे पैसे वाटले आणि शेवटी पाचशेची नोट बहिणीसमोर धरली. तिनं विचारलं, "हे काहून?"

"तुझी मजुरी."

तिनं नोट घेतली, घडी घालून कमरेला खोचली आणि म्हणाली, "आजची मिळाली. मागच्या वर्षांची बाकी कधी देता?"

दाजी हसले, पण बांधावर जाऊन उभे राहिले. मी काही बोललो नाही.

तुम्ही अशा ठिकाणी गेलात तर

कधी कोणी नेलं, किंवा पोरांनी वाढदिवसाला हौस केली, तर जा. लाजू नका. हे लक्षात ठेवा:

रद्द केल्यास पैसे परत मिळतात का, ते बुकिंग करतानाच विचारा.
काय खात नाही ते आधी सांगा, तिथं जाऊन नको.
वेळेवर पोचा. सगळ्यांचं वाढप एका घड्याळावर असतं.
पाणी विचारतील, तेव्हा "साधं पाणी" म्हणायला संकोच करू नका. बाटलीचे पैसे वेगळे लागतात.
पदार्थाबरोबर वाइन देण्याचे पैसेही वेगळे असतात. नको तर नको म्हणा.
सर्व्हिस चार्ज देणं सक्तीचं नाही. बिलात लावला असेल तर काढायला सांगू शकता.
आणि खाताना धंदेवाल्याच्या नजरेनं बघा. कोण काय बोललं, काय आधी आलं, काय शेवटी आलं.

या आठवड्याचं काम

एका कागदावर तुमच्या धंद्यातला एक दिवस लिहा. तीन रकाने करा.

पहिला: ज्या वस्तूचे पैसे तुम्ही देता.
दुसरा: जी वस्तू "घरची" म्हणून फुकट धरता. दूध, धान्य, जागा, गाडी. तिचा बाजारभाव लिहा.
तिसरा: जे हात फुकट धरता. नाव लिहा, तास लिहा, त्या तासांची मजुरी लिहा.

मग मेनू किंवा मालाची यादी घ्या आणि सगळ्यात जास्त उरणाऱ्या तीन वस्तूंवर काट मारा. सगळ्यात आधी संपणाऱ्या तीन वस्तू वर घ्या. दर त्यानंतर ठरवा, आधी नाही.

तिसरा रकाना भरताना त्या माणसाला समोर बसवा. अंदाजानं तास लिहू नका, विचारा. मला वाटलं होतं बहीण सहाला उठते.

कागद भरला की व्हिडिओच्या खाली तुमचा आकडा लिहा. नफ्याचा नको, तिसऱ्या रकान्याचा. पुढच्या भागात आपण आगाऊ रक्कम मागायची कशी, तेही गिऱ्हाईक न तोडता, हे बघणार आहोत. तोवर रामराम.